छोट्या कर्नलसाठी मेमरी ॲलोकेटर: साध्यात साधी यंत्रणा कुठवर पुरते?

सह्यकडा

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजची काही मुलंमुली रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालणारा एक छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहीत आहेत, आणि मी त्यांना बाहेरून मदत करतो. क्यूएमू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर १२८ एमबी मेमरी, चार कोअर, एवढाच पसारा. बूट होतं, यूआर्टवर (सिरीयल पोर्टवर) अक्षरं उमटतात, आता गाडी मेमरी ॲलोकेटरपाशी, म्हणजे मेमरी वाटून देणाऱ्या आणि परत घेणाऱ्या कोडपाशी, आली आहे. तिथे दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, लिनक्समध्ये खाली पेजांचे (मेमरीच्या ४ केबीच्या तुकड्यांचे) गट वाटणारा बडी आणि वर लहान वस्तू वाटणारा स्लब आहे, तर आपणही पहिल्यापासून तेच करू. दुसऱ्या गटाला एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या कर्नलमध्ये आहे तशी नुसती फ्री लिस्ट, म्हणजे रिकाम्या पेजांची यादी, हवी आहे.

मी दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे. का, ते नीट मांडतो, कारण मुलं हा धागा वाचणार आहेत.

एक्सव्ही६ची रीत अशी. रिकाम्या पेजमध्ये कोणाचाच डेटा नसतो, म्हणून त्याच्या पहिल्या आठ बाइटांत पुढच्या रिकाम्या पेजचा पत्ता लिहून ठेवायचा. झाली लिस्ट. हिशेबासाठी वेगळी जागा लागत नाही. पेज हवं असेल तर लिस्टमधलं पहिलं काढून द्यायचं, परत आलं की पहिल्या जागी ठेवायचं, आणि या दोन्ही कामांभोवती एक स्पिनलॉक, म्हणजे एका वेळी एकच कोअर आत. परत आलेलं पेज १ या बाइटने पूर्ण भरतात आणि देताना ५ ने भरतात. हे मला फार मोलाचं वाटतं. सोडून दिलेल्या पेजकडे कोणी अजून बघत असेल तर त्याच्या हाती जुना, खरा वाटणारा डेटा लागत नाही, कचरा लागतो. बग लपून न राहता लवकर फुटतो, आणि डीबगरमध्ये नुसते एक दिसताहेत की नुसते पाच यावरून चूक सोडल्यानंतरच्या वापराची आहे की न भरता वाचल्याची, हेही कळतं.

साधेपणा मी ओळींवरून मोजत नाही. कुठल्याही क्षणी खरं असायलाच हवं असं विधान किती शब्दांत मांडता येतं, यावरून मोजतो. इथे ते एका वाक्यात येतं: लिस्टवरचं प्रत्येक पेज कोणाच्याही मालकीचं नाही आणि ते लिस्टवर एकदाच आहे. कर्नल कोसळला तर एवढंच तपासायचं.

उणिवाही मला ठाऊक आहेत. सलग चार पेजं मागता येत नाहीत. तेच पेज दोनदा परत केलं तर ॲलोकेटरला पत्ताही लागत नाही. कोअर वाढले की सगळे एकाच लॉकपाशी खोळंबतात. प्रश्न असा की यातलं काय, कधी आणि कशाने सोडवावं? ज्यांनी खऱ्या कर्नलमध्ये हात घातला आहे त्यांनी जरूर लिहा.

जुनीवाट

धागा आवडला. थोडं मागे जाऊन बघू या. १९७५च्या युनिक्स सहाव्या आवृत्तीत हे सगळं काम दोन फंक्शनांत होतं. रिकाम्या जागांचा एक तक्ता, त्यात जोड्या: किती जागा आणि कुठल्या पत्त्यापासून. पत्त्याच्या चढत्या क्रमाने लावलेल्या, आणि शून्य आकाराची नोंद आली की तक्ता संपला. मागणी आली की सुरुवातीपासून बघत जायचं, पुरेशी मोठी पहिली जागा सापडली की तिच्या सुरुवातीचा तुकडा कापून द्यायचा. नोंदीत काहीच उरलं नाही तर पुढच्या नोंदी एकेक घर मागे सरकवायच्या. परत करताना आधीच्या किंवा नंतरच्या जागेला चिकटत असेल तर जोडून टाकायचं, नाहीतर मधे नवी नोंद घुसवायची.

मला यात सर्वांत भावतं ते हे की हीच दोन फंक्शनं मुख्य मेमरीलाही वापरली आणि डिस्कवरच्या स्वॅपलाही (मेमरीत न मावणाऱ्या प्रोसेस ठेवायच्या जागेलाही). तक्ता फक्त वेगळा. मेमरीत एकक ६४ बाइटांचं, स्वॅपमध्ये ५१२ बाइटांच्या ब्लॉकचं, आणि फंक्शनाला त्याची खबरही नाही. तुमच्या मुलांना सांगा की ॲलोकेटर लिहिताना "हा कशाचे तुकडे वाटतोय" हे जितकं कमी माहीत असेल तितकं बरं.

अर्थात तिथे प्रोसेस सलग जागेत बसायची, म्हणून तुकडे पडण्याचा त्रास होता. त्यावर त्यांनी वेगळी हुशारी केली नाही. जागा मिळाली नाही की प्रोसेस स्वॅपमध्ये, आणि जागा झाली की परत. यंत्रणा आधीपासून होतीच, तिच्यावरच भागवलं.

चाकणकर

मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, त्यामुळे माझा कर्नल म्हणजे आरटीओएस, ठरल्या वेळेत काम करणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. आमच्याकडे याहून साधी यंत्रणा रोज चालते: मेमरी परत घ्यायचीच नाही.

फ्रीआरटीओएस या अशाच सिस्टिममध्ये हीपचे (मागेल तशी मेमरी देणाऱ्या साठ्याचे) पाच पर्याय मिळतात आणि ते ओळीने वाचणं हाच या विषयाचा उत्तम अभ्यास आहे. पहिल्यात फक्त द्यायचं, परत घेण्याची सोयच नाही. एक मोठा ॲरे, एक आकडा पुढे सरकतो, संपलं. दुसऱ्यात परत घेता येतं, पण शेजारचे तुकडे जोडले जात नाहीत. तिसरा म्हणजे कंपायलरबरोबर येणाऱ्या मॅलॉक या मेमरी मागण्याच्या फंक्शनाभोवती नुसतं वेष्टन. चौथ्यात शेजारचे तुकडे जोडले जातात. पाचवा चौथ्यासारखाच, पण मेमरी दूरदूरच्या भागांत विखुरलेली असली तरी चालतो.

लोक थेट चौथ्यावर उडी मारतात. मी म्हणते, आधी पहिला पुरतो का बघा. टास्क, क्यू, सेमाफोर सगळं बूट होताना तयार होतं आणि गाडी बंद होईपर्यंत तसंच राहतं. मग परत घेण्याचा कोड कशाला हवा? फ्रॅगमेंटेशन (रिकाम्या जागेचे तुकडे पडणं) होऊच शकत नाही, आणि प्रत्येक मागणीला लागणारा वेळ आधीच सांगता येतो. मिस्रा सी या गाड्यांच्या सी कोडसाठीच्या नियमावलीच्या २००४च्या आवृत्तीत तर डायनॅमिक (चालू असताना मागितलेली) मेमरी वापरूच नये असा नियम होता, आणि २०१२च्या आवृत्तीत मॅलॉक व फ्री वगैरे लायब्ररी फंक्शनं वर्ज्य आहेत.

सह्यकडा, तुमच्या कर्नलमध्ये किती गोष्टी खरोखर परत येतात ते मुलांना यादी करून काढायला सांगा. प्रोसेसची पेजं येतील, पेज टेबलं येतील, पाइपचे बफर येतील. बाकी बरंच काही स्थिर तक्त्यात बसेल. एक्सव्ही६ मध्येही प्रोसेसचा तक्ता ६४ जागांचा ठरलेला आहे.

पाणवठा

मी लिनक्सवर काम करतो, आणि बडीची बाजू मांडायला हवी. बडीला उगाच अवघड ठरवू नका. मूळ कल्पना बेल लॅब्सच्या केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये मांडली आणि ती अजून टिकून आहे, ती तिच्या साधेपणामुळेच.

पेजचे गट २ च्या घातांकात ठेवायचे: १, २, ४, ८. लिनक्समध्ये ४ केबीच्या पेजवर ऑर्डर (तो घातांक) ० ते १०, म्हणजे ४ केबी ते ४ एमबी. प्रत्येक ऑर्डरची वेगळी लिस्ट. मोठा गट दुभंगला की दोन जोडीदार होतात, आणि जोडीदार शोधायला काहीच साठवावं लागत नाही: पेजच्या क्रमांकातला ऑर्डरचा बिट उलटा केला की झालं. १२ व्या पेजपासूनचा चार पेजांचा गट घ्या. त्याचा जोडीदार ८ व्या पेजपासून सुरू होतो. दोन्ही रिकामे असतील तर ८ पासून आठ पेजांचा गट तयार, आणि हेच वरच्या ऑर्डरला पुन्हा. कुठल्याही लिनक्स मशीनवर प्रॉक फोल्डरमधली बडीइन्फो ही फाइल उघडा, प्रत्येक ऑर्डरचे किती गट शिल्लक आहेत ते जिवंत दिसतं. मुलांना हे जरूर दाखवा.

आता फ्री लिस्टने काय होणार नाही ते सांगतो. नेटवर्क किंवा डिस्कच्या ड्रायव्हरला डीएमएसाठी (उपकरणाने थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्यासाठी) सलग मेमरी लागते. फ्री लिस्ट काही वेळ चालली की पेजांचा क्रम पूर्ण विस्कटतो, आणि सलग आठ पेजं रिकामी असली तरी ती सापडत नाहीत. शिवाय पेजपेक्षा लहान वस्तूंचं काय? शंभर बाइटांच्या स्ट्रक्चरसाठी ४०९६ बाइटांचं पेज देणार? २ च्या घातांकाचे डबे केले तरी ५२० बाइटांची वस्तू १०२४ च्या डब्यात जाते आणि जवळजवळ निम्मी जागा वाया. ही उधळपट्टी टाळणारा स्लॅब ॲलोकेटर जेफ बॉनविक यांनी सोलारिस या युनिक्स प्रणालीसाठी केला आणि १९९४ मध्ये त्यावर पेपर लिहिला: एका प्रकारच्या वस्तूंसाठी एक कॅशे, पेजमध्ये त्याच मापाचे खण.

सह्यकडा

पाणवठा, तुमचं बडीचं उदाहरण मुलांना जसंच्या तसं फळ्यावर दाखवणार आहे.

पण एक बघा. बडीचं "कायम खरं" विधान किती लांब होतं? गट त्याच्या आकाराच्या पटीतल्या क्रमांकावरच सुरू होतो. तो एकाच ऑर्डरच्या लिस्टवर असतो. सर्वांत वरची ऑर्डर सोडली तर त्याचा जोडीदार त्याच ऑर्डरला रिकामा असता कामा नये, असता तर दोघं जोडले गेले असते. शिवाय पेज रिकामं आहे का आणि कुठल्या ऑर्डरला, हे प्रत्येक पेजमागे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. चूक नाही यात काही, पण पहिल्याच दिवशी चार गोष्टी सांभाळायच्या.

डीएमएसाठी आम्ही बूट होतानाच एक सलग पट्टा बाजूला काढतो आहोत. आमचा ड्रायव्हर एकच, क्यूएमूच्या व्हर्टिओ या नकली डिस्कचा. त्याला किती लागतं ते आधीच ठाऊक आहे. तो पट्टा चाकणकर ताईंच्या पहिल्या हीपसारखा: फक्त द्यायचा, परत घ्यायचा नाही. म्हणजे एका कर्नलमध्ये दोन यंत्रणा, पण दोन्ही एकेका वाक्यात सांगता येण्याजोग्या.

कोअरच्या गर्दीवर एमआयटीच्या अभ्यासक्रमात जो स्वाध्याय आहे तोच पुढचा टप्पा धरला आहे. प्रत्येक कोअरची स्वतंत्र लिस्ट आणि स्वतंत्र लॉक, आपली रिकामी झाली तर दुसऱ्याच्या लिस्टमधून घ्यायचं. इथे मुलांनी जपायचं ते हे: आपलं लॉक धरून ठेवून दुसऱ्याचं मागू नये. पहिल्या कोअरने दुसऱ्याचं मागितलं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने पहिल्याचं, तर दोघं कायमचे अडकतात. आपलं आधी सोडायचं, मग दुसऱ्याचं घ्यायचं. आणि "मी कुठल्या कोअरवर आहे" हे विचारताना इंटरप्ट (हातचं काम थांबवणारे हार्डवेअरचे संकेत) बंद हवेत, नाहीतर उत्तर मिळेपर्यंत आपण दुसऱ्याच कोअरवर गेलेलो असू.

गणितवेडी

बिटमॅपचं नावच कोणी काढलं नाही, म्हणून लिहिते. १२८ एमबी भागिले ४ केबी म्हणजे ३२,७६८ पेजं. एका पेजला एक बिट धरला तर ३२,७६८ बिट म्हणजे ४०९६ बाइट. तुमच्या संपूर्ण मेमरीचा हिशेब बरोबर एका पेजमध्ये मावतो! दोनदा परत केलेलं पेज लगेच पकडता येतं, कारण बिट आधीच रिकामा दाखवत असेल. सलग पेजं हवीत तर सलग बिट शोधा. विधानही एकच: बिट १ असेल तर पेज कोणाचं तरी आहे.

तोटा म्हणजे शोधायला वेळ लागतो. पण ६४ बिट एका वेळी बघितले तर सगळा नकाशा ५१२ वाचनांत संपतो, आणि मागच्या वेळी कुठे थांबलो ते लक्षात ठेवलं तर एवढंही क्वचितच लागेल.

सह्यकडा

एका पेजमध्ये सगळं मावतं हे मी हिशेब करून बघितलं नव्हतं, फारच छान. वेग म्हणून फ्री लिस्ट ठेवतो, पण डीबग (चुका शोधण्याच्या) बिल्डमध्ये शेजारी बिटमॅप चालवू. दोन हिशेब जुळले नाहीत की त्याच जागी पॅनिक, म्हणजे कर्नल थांबवायचा. दोनदा परत करण्याची आमची मोठी अडचण सुटली.

रात्रपहारा

स्लॉब या लिनक्समधल्या जुन्या ॲलोकेटरची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी, कारण ती दोन्ही बाजूंना शिकवते.

लिनक्समध्ये एके काळी तीन ॲलोकेटर शेजारी शेजारी होते. जुना स्लॅब. मग मॅट मॅकॉल यांचा स्लॉब, २००६ मध्ये २.६.१६ पासून, अगदी कमी मेमरीच्या उपकरणांसाठी: काहीशे ओळींचा, पुरेशी पहिली जागा शोधून देणारा. मग २००७ मध्ये २.६.२२ ला क्रिस्टोफ लॅमीटर यांचा स्लब. स्लब आला तो स्लॅबच्या गुंतागुंतीला कंटाळूनच. स्लॅबमध्ये प्रत्येक कोअरसाठी, प्रत्येक नोडसाठी (मोठ्या मशीनमधल्या मेमरीच्या एकेका भागासाठी) वस्तूंच्या रांगा होत्या. हजारभर नोडच्या मशीनवर नुसत्या या रांगांतच कित्येक जीबी अडकून पडतात, ही लॅमीटर यांची मुख्य तक्रार होती. त्यांनी रांगा काढल्या आणि रिकाम्या वस्तूच्या पोटातच पुढच्या रिकाम्या वस्तूचा पॉइंटर ठेवला. म्हणजे सह्यकडा सांगताहेत तीच एक्सव्ही६ची कल्पना, पेजच्या जागी लहान वस्तू. जगभरातल्या लिनक्स सर्व्हरवर आज हेच चालतं.

पण तिघांतला ओळींनी सर्वांत छोटा असलेला स्लॉब शेवटी काढून टाकला, २०२३ मध्ये ६.४ ला. कारण बघा. त्या आकारात बसण्यासाठी स्लॉब कॅशेतून दिलेल्या वस्तूचा आकार कुठे नोंदवत नव्हता. त्यामुळे अशी वस्तू साध्या केफ्री या सोडण्याच्या फंक्शनाने सोडता येत नसे, तिचा कॅशे कुठला हे सोडणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. हे बंधन एका कोपऱ्यातल्या ॲलोकेटरमुळे अख्ख्या कर्नलवर आलं. आणि प्रत्येक नवी सोय तीन ठिकाणी बसवून तीनदा तपासायची. आधी ६.२ मध्ये स्लबचंच एक छोटं रूप दिलं, लहान उपकरणांची सोय लागली, मग स्लॉब गेला. २०२४ मध्ये ६.८ ला जुना स्लॅबही गेला. आता एकच उरला आहे.

म्हणून सह्यकडा, तुमच्या मोजमापात एक भर घाला: ॲलोकेटरने आपलं ओझं बाहेरच्यांवर टाकलं का? आतून साधा आणि बाहेरच्यांना पथ्यं पाळायला लावणारा असेल, तर तो साधा नाही.

पोटातल्या पॉइंटरचीही किंमत आहे. सोडलेल्या वस्तूत कोणी लिहू शकला तर तो पुढचा पॉइंटर बदलून ॲलोकेटरला हवा तो पत्ता द्यायला लावतो. म्हणून २०१७ पासून, ४.१४ मध्ये, तो पॉइंटर एका गुप्त आकड्याशी एक्सॉर करून ठेवण्याचा पर्याय आला. नंतर तो वस्तूच्या सुरुवातीऐवजी मध्यभागी नेला, म्हणजे शेजारची वस्तू थोडी ओसंडली तरी तो सहजी हाती लागू नये. शिकण्यासाठीच्या कर्नलला हे नको, पण का आहे ते मुलांना कळू द्या.

गुंतागुंत वाढली की काय होतं याचं उदाहरण म्हणजे स्टॅकरॉट हा लिनक्समधला सुरक्षेचा बग. २०२२ च्या शेवटी ६.१ मध्ये प्रोसेसच्या मेमरीचे भाग साठवायला रेड-ब्लॅक ट्री या झाडासारख्या रचनेऐवजी मेपल ट्री हे दुसरं झाड आलं. जुन्या झाडात स्टॅक वाढताना नोंद जागच्या जागी बदलायची. नव्यात नोडच बदलला जाऊ शकतो आणि जुना सोडून दिला जातो. स्टॅक वाढवणारा कोड मात्र पूर्वीसारखाच फक्त वाचनाचं लॉक धरून होता, म्हणून दुसरा कोणी वाचत असलेला नोडही सोडला जाऊ शके. २०२३ च्या जुलैत हे उघड झालं. मेपल ट्री वाईट नाही, वेगासाठीच आणला. पण जुन्या रचनेवर विसंबलेली एक न लिहिलेली समजूत मोडली.

नवाकोरा

सर, मी या प्रोजेक्टमधलाच विद्यार्थी. दोन शंका आहेत. मेमरी संपली तर कर्नलने काय करायचं? आम्ही सध्या सरळ पॅनिक करतो. आणि फोर्कमध्ये (प्रोसेसची प्रत काढताना) सगळी पेजं कॉपी करण्याऐवजी कॉपी-ऑन-राइट, म्हणजे कोणी लिहायला गेलं तरच कॉपी, घ्यायचं ठरलं, तर फ्री लिस्ट पुरेल का?

पाणवठा

पहिल्या शंकेवर सांगतो. शून्य परत द्या आणि मागणाऱ्याने ते तपासलंच पाहिजे असा दंडक घाला. लिनक्समध्ये आठ पेजांपर्यंतची साधी मागणी व्यवहारात जवळजवळ कधीच नाकारली जात नाही. कर्नल थांबून राहतो, गरज पडली तर एखादी प्रोसेस मारतो. त्याचा परिणाम असा की "मेमरी मिळाली नाही" या वाटेवरचा कोड हजारो ठिकाणी लिहिलेला आहे पण क्वचितच चालतो, आणि न चाललेल्या कोडमध्ये बग मुक्कामाला असतात. ते उकरायला कर्नलमध्ये मुद्दाम मागणी फसवण्याची सोय आहे. तुम्हीही करा: डीबग बिल्डमध्ये मधूनमधून मागणी नाकारा. शिवाय एक्सव्ही६च्या चाचण्यांत आधी आणि नंतर रिकामी पेजं मोजतात, आकडा कमी भरला तर कुठेतरी गळती आहे. तीही चाचणी उचला.

चाकणकर

एसईएल४ बद्दलही वाच रे. त्या मायक्रोकर्नलने हा प्रश्न मुळातच काढून टाकला. बूटनंतर उरलेली सगळी मेमरी तो युजरच्या (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांच्या) हवाली करतो, आणि कर्नलला एखादी वस्तू बनवायची असेल तर मेमरी युजरनेच पुरवायची. कर्नलच्या आत हीप नाही, त्यामुळे कर्नलची मेमरी संपत नाही. २००९ मध्ये त्याच्या सुमारे ८,७०० ओळींच्या सी कोडची गणिती सिद्धता पूर्ण झाली, आणि आत ॲलोकेटर नसणं तिथे फार उपयोगी पडलं.

सह्यकडा

दुसरी शंका माझ्याकडे. फ्री लिस्ट तशीच राहील, पण प्रत्येक पेज किती जण वापरताहेत तो आकडा लागेल. लिनक्स ०.११ मध्ये, १९९१ साली, हेच होतं: प्रत्येक पेजला एक बाइट असा ॲरे, १५ एमबी मेमरीच्या ३,८४० पेजांसाठी, शून्य म्हणजे रिकामं. तुला ३२,७६८ बाइट लागतील, ३२ केबी. एक बाइट २५५ पर्यंत मोजतो, आणि आपल्या प्रोसेस ६४ च्या वर जात नाहीत, एकेक प्रोसेस एक पेज एकदाच जोडते, म्हणून तो ओसंडणार नाही. ही दोन्ही कारणं कोडमध्ये शेरा म्हणून लिही, आणि ६४ बदलून कोणी ३०० केले तर बिल्डच तुटेल अशी तपासणी घाल.

आकडा कमी करणं आणि तो शून्य झाला का हे बघणं एकाच लॉकखाली ठेव. नाहीतर दोन कोअर एकाच वेळी २ वाचतील, दोघंही १ लिहितील, आणि ते पेज कधीच परत येणार नाही. कॉपी-ऑन-राइटमधली शर्यत थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. डर्टी काऊ हा बग २००७ च्या २.६.२२ पासून लिनक्समध्ये होता आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्त झाला.

उद्या येताना आधी चाचणी लिहून आण: चार कोअरवर फोर्क, दोन्हीकडून त्याच पेजवर लिहिणं, मग एक्झिट, आणि शेवटी रिकाम्या पेजांचा आकडा. ती सध्याच्या पूर्ण कॉपीवाल्या फोर्कवर पास होऊ दे, मग कॉपी-ऑन-राइटला हात लावू.